डीन हार्युलाच्या खटल्यातली काठी

मित्रांनो, मी बर्फावरच्या हॉकीची जुनी काठी आहे. माझे आता दोन तुकडे झाले आहेत, पण बोलण्यापुरती मी अजून एकच आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आपण किती लोकांच्या उपयोगी पडलो ते रंगवून सांगतात. माझ्याकडे तसले काही नाही. मी एका माणसाचा डोळा फोडला आणि दुसऱ्याच्या नावावर गुन्हा चढवला. तो गुन्हा त्याच्या नावावरून उतरला की नाही, एवढीच माझी गोष्ट आहे.

माझा जन्म उत्तर मिनेसोटातला, कॅनडाच्या हद्दीजवळच्या एका लहानशा कारखान्यातला. माझे लाकूड अ‍ॅश झाडाचे. ते चिवट असते, वाकते पण सहसा मोडत नाही. कारखान्यात त्याच्या पट्ट्या चिकटवून, दाबून, तासून माझा दांडा केला आणि खाली चकती मारायचे पाते वाफेवर वाकवून बसवले. पाते बसवणारा म्हातारा प्रत्येक काठी एकदा जमिनीवर आपटून तिचा आवाज ऐकायचा. माझा आवाज ऐकून तो म्हणाला, "ही खणखणीत आहे." ती माझी पहिली शाबासकी. मी ती जपून ठेवली आहे, कारण पुढे फारशा मिळाल्या नाहीत.

मला विकत घेतले डीन हार्युलाने. तो तेव्हा तेवीस वर्षांचा होता. दिवसा लोखंडाच्या खाणीत ट्रक चालवायचा आणि शनिवारी गावच्या संघातून खेळायचा. त्याने मला फार नीट ठेवले, हे कबूल केले पाहिजे. मॅचच्या आधी तो माझ्या पात्यावर काळी पट्टी गुंडाळायचा, एकही सुरकुती राहू द्यायचा नाही, आणि वरून मेण चोळायचा. थंडीच्या रात्री मला ट्रकमध्ये कधी ठेवले नाही. घरातल्या घरात, स्वतःच्या बुटांशेजारी ठेवायचा.

लोक म्हणतात की आम्ही मॅच बघायला जातो ती गोलसाठी. साफ खोटे. गोल झाला की टाळ्या पडतात, पण दोन खेळाडूंनी हातमोजे फेकून एकमेकांच्या गळपट्ट्या धरल्या की अख्खी रिंक, म्हणजे बर्फाच्या मैदानाभोवतीची सगळी माणसे, उभी राहते. मी गोल पुष्कळ केले. त्याहून जास्त घोटे फोडले, मनगटे सुजवली, बरगड्यांवर आडवी बसले. डीनचे पुढचे दोन दात याच बर्फावर पडले. त्याने ते उचलून खिशात घातले आणि खेळ पुढे चालू ठेवला. बर्फावरचे रक्त गाडी फिरवून खरवडले की पांढरे होते, आणि पुढच्या डावात तिथे काय झाले होते ते कुणी विचारत नाही.

या सगळ्या मारामारीला एक शिस्त होती. ती डीनच्या बापाने, अर्नीने, गावातल्या दोन पिढ्यांना शिकवली होती. अर्नी संघाचा प्रशिक्षक. त्याचे नाक इतक्या वेळा मोडले होते की ते कुठल्या बाजूचे, हे ठरवता यायचे नाही. खेळाडूंना तो सांगायचा, "पंचाने बोट दाखवलं की मुकाट कडेच्या शिक्षेच्या बॉक्समध्ये जाऊन बसायचं. तो आधी बोलला, त्याने आधी ढकललं, असली रडगाणी गायची नाहीत. पाच मिनिटं बसायचं. वेळ भरली की दार उघडतं, बाहेर यायचं, विषय संपला." आणि मॅच संपली की दोन्ही संघ रांगेत उभे राहून एकमेकांचे हात हातात घ्यायचे. फुटलेल्या ओठांनी "छान खेळलास" म्हणायचे. मला ती रांग फार आवडायची.

त्या वर्षीच्या शेवटच्या मॅचला रांग मोडली. शेजारच्या गावच्या संघात ट्रॉय झगार नावाचा दांडगा गडी होता. डीनने त्याला मॅचभर माझ्या टोकाने जेरीस आणले आणि शेवटी त्याच्या पायात मला अडकवून त्याला तोंडावर पाडले. डीनला पाच मिनिटांची शिक्षा झाली, पण मॅच आम्ही जिंकलो. रांगेत डीनने हात पुढे केला, तेव्हा ट्रॉयने आपला हात मागे घेतला.

"ये ना बाहेर," तो म्हणाला. "बाहेर कोण वाचवतो बघू."

बाहेर पार्किंगमध्ये बर्फ भुरभुरत होता. डीन ट्रकच्या मागच्या हौद्यात सामान टाकत होता, मीही तिथेच पडले होते. ट्रॉय मागून आला. त्याच्या हातात स्केट होता, बर्फावर घसरायचा पात्याचा बूट, पाते बाहेर करून धरलेला. डीन वळायच्या आत ते पाते त्याच्या खांद्यावरून मानेपर्यंत फिरले. जाकीट फाटले, कातडी उघडली. आणखी दोन बोटे वर लागते तर डीन तिथेच संपला असता.

डीनने मला उचलले. पहिल्या फटक्यात मी ट्रॉयच्या मनगटावर बसले आणि स्केट हातातून सुटून शेजारच्या गाडीखाली गेला. मित्रांनो, भांडण तिथे संपले होते. मला ते कळले, ट्रॉयला कळले, डीनलाही कळले असणार. तरी दुसरा फटका तोंडावर आला आणि ट्रॉय गुडघ्यावर बसला. तिसरा फटका बसलेल्या माणसावर आला. मी डोळ्याखालच्या हाडावर पडले आणि ते हाड माझ्याखाली आत गेले. चिवट लाकडाला असल्या गोष्टी बोटांइतक्याच समजतात. बर्फावर रक्त पडले, त्याची वाफ निघाली. माझी मलाच किळस आली.

शेरीफची माणसे, म्हणजे आमच्याकडचे पोलीस, येईपर्यंत ट्रॉयच्या दोस्ताने तो स्केट उचलून पिशवीत टाकला होता. डीनच्या खांद्याला संघाच्या डॉक्टरने कपडे बदलायच्या खोलीतच टाके घातले. हा डॉक्टर खरे तर दातांचा, पण टाके झकास घालायचा आणि प्रश्न विचारायचा नाही. पुढे डीनच्या बाजूने लढायला कोर्टाने एक वकील दिला, तो बिचारा प्रामाणिक होता. त्याने घरी येऊन विचारले, "त्याने आधी काही केलं का? हत्यार होतं का हातात? असेल तर सगळा खटला बदलतो."

डीनने बापाकडे पाहिले. अर्नी आपल्या बुटांकडे बघत होता.

"नाही," डीन म्हणाला. "मी मारलं. मी बसतो आत."

त्या दोघांना वाटले की हेही बर्फासारखेच असते. मुकाट बसायचे, वेळ भरली की दार उघडते. असली घोडचूक आमच्याच खाणींच्या पट्ट्यातली माणसे करू जाणे. दुसऱ्या कुठल्याही गावातला माणूस जज्जसमोर घसा फोडून ओरडला असता. डीनने गुन्हा कबूल केला, वर्षभर तुरुंगात काढले, नंतरची सरकारी देखरेखीची वर्षेही एक चूक न करता काढली. मी तेवढा काळ शेरीफच्या पुराव्यांच्या कोठीत होते, एका गंजलेल्या कोयत्याच्या आणि कुणाच्या तरी रक्ताळलेल्या गालिच्याच्या मध्ये. माझ्या मुठीला चिठ्ठी बांधली होती. कोठीत कुणी बोलत नाही.

केस मिटल्यावर मला जाळून टाकायचे होते. पण कोठी सांभाळणारा अर्नीच्या हाताखाली खेळलेला. अर्नी त्याला म्हणाला, "जाळतोस कशाला? चांगली अ‍ॅशची काठी आहे. आता अशा मिळत नाहीत." काटकसरी माणूस! त्याने मला डीनच्या गॅरेजमध्ये फ्रीजरच्या वर दोन खिळ्यांवर टांगले. डीन मला बघायचा आणि नजर वळवायचा.

दार उघडले नाही. खाणीने परत घेतले नाही. भाड्याने घर देणारे आधी गोड बोलायचे, मग कॉम्प्युटरवर नाव टाकायचे आणि मग त्यांचा आवाज बदलायचा. शिक्षा झालेल्याला बंदुकीला हात लावायची बंदी, त्यामुळे हरणांच्या शिकारीच्या हंगामात अख्खे गाव जंगलात आणि डीन घरी. त्याने हे सगळे गिळले. घरे गरम ठेवणाऱ्या भट्ट्या आणि धुराडी दुरुस्त करायचा धंदा काढला, जोडी नावाच्या मुलीशी लग्न केले, मुलगी झाली, एल्सी. एल्सी स्केटवर उभी राहिली तेव्हा डीनला वाटले की आता आपले दिवस फिरले.

एल्सीच्या संघाला प्रशिक्षक हवा होता. डीनने नाव दिले. मुलांजवळ उभ्या राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची चौकशी होते, आणि चौकशीत डीनचा गुन्हा वर आला. संघ मिळाला घरे विकणाऱ्या एका गृहस्थाला. त्याला उलटे स्केट करता यायचे नाही, पण रेकॉर्ड धुतल्या तांदळासारखे. डीन काचेच्या बाहेर उभा राहून मॅच बघायचा.

मग एक दिवस एल्सीला एका पोरीने मागून धडक दिली. ती रिंकच्या कडेच्या फळीवर आपटली आणि उठेना. तो घरे विकणारा गृहस्थ बर्फावर घसरत घसरत निघाला होता. डीनने वाट पाहिली नाही. तो फळीवरून उडी मारून बुटांनिशी बर्फावर धावला, पोरीचे डोके हातात धरले. एल्सी बरी होती, नुसती घाबरली होती. पण रिंकच्या मॅनेजरने माइकवरून सगळ्या गावासमोर सुनावले, "डीन, बर्फावरून बाहेर हो! तुझं नाव परवानगीच्या यादीत नाही." आणि पुन्हा असे झाले तर रिंकमध्ये पाय ठेवायचा नाही, अशी ताकीद मिळाली.

त्या दिवशी गॅरेजमध्ये एल्सीने माझ्याकडे बोट केले. "बाबा, त्या काठीमुळे तुला बेंचजवळ उभं राहू देत नाहीत ना?"

"काठीमुळे नाही गं. माझ्यामुळे."

"मग बॉक्समध्ये बसून ये ना एकदा."

"बसलो होतो."

"मग अजून बाहेर का नाही आलास?"

 दुसऱ्याच आठवड्यात डीनने आपली गुन्ह्याची नोंद मोहोरबंद करावी म्हणून कोर्टात अर्ज केला. अर्ज मंजूर झाला तर ती नोंद चौकशीत कुणाला दिसणार नाही, आणि तो एल्सीच्या मागे, बेंचवर उभा राहू शकेल. अर्नी कुरकुरला, "आता या वयात पंचाशी वाद घालणार का?"

"वाद नाही हो. वेळ भरली का, एवढंच विचारतो."

कायदा असा आहे की ज्याला मारले, त्यालाही कोर्ट कळवते. त्याला येऊन बोलायचा हक्क असतो. ट्रॉयला कळवले गेले. तो कोर्टाची वाट न पाहता सरळ गॅरेजमध्ये आला.

दुपार होती. डीन एकटा एक पंखा उघडून बसला होता. ट्रॉयचे केस विरळ झाले होते आणि डावा डोळा काचेचा होता, तो डीनवर ठरत नव्हता. उजवा मात्र पक्का ठरला होता.

"कोरी पाटी पाहिजे म्हणे तुला," ट्रॉय म्हणाला.

"ट्रॉय, बस."

"बसायला नाही आलो. तुझं रेकॉर्ड सील होणार. हे काय करायचं?" त्याने काचेच्या डोळ्यावर नखाने टकटक केले. "याला कुठे अर्ज करू, सांग ना लेका! खाणीत मोठा ट्रक देत नाहीत मला. ग्लासात पाणी ओतायला गेलो तर टेबलावर सांडतं. सोळा वर्षं!"

तेवढ्यात त्याला मी दिसले. त्याचे तोंड उघडेच राहिले. "ठेवलीस? टांगून ठेवलीस? बक्षीस आहे का हे?"

त्याने मला खिळ्यांवरून ओढून काढले. हात मात्र सराईत होते, लगेच बरोबर जागी बसले. पहिला तडाखा फ्रीजरच्या झाकणावर पडला आणि पत्रा आत गेला. डीन उठून उभा राहिला, पण मागे सरकला नाही, हातही वर केला नाही. त्याच्या डोक्यात पुन्हा तो बॉक्स शिरला होता. मला ओरडावेसे वाटले, अरे मूर्खा, पळ! दुसरा तडाखा त्याच्या गळ्याजवळच्या हाडावर बसला. ते हाड मोडल्याचे मला कळले. तो फ्रीजरला टेकून खाली घसरला. तिसरा बरगड्यांवर बसला आणि मी मोडले. यात काही थोरपण नाही. इतकी वर्षे गॅरेजमधल्या भट्टीच्या उबेत वाळले होते, मोडणारच होते.

ट्रॉयच्या हातात माझा अर्धा दांडा राहिला, टोकाला भाल्यासारखा फाटलेला. त्याने तो डीनच्या डोळ्यापुढे धरला.  एवढी भीती मला कधी वाटली नव्हती.

"स्केटचं का नाही सांगितलंस?" त्याने विचारले.

डीनला श्वास घेता येत नव्हता. "पंचाकडे... चुगली करत नाही."

"अरे गाढवा, ती काय मॅच होती? वर्षभर झोप नव्हती मला! आज सांगेल, उद्या सांगेल, मग मलापण आत टाकतील. दवाखान्यात पट्टी बांधलेली आणि दार वाजलं की वाटायचं, आले न्यायला. आणि तू गप्प! थोर बनून गप्प! तुझी दया यायला लागली मला, हलकटा, माझा डोळा फोडलास त्या तुझी!"

तो रडत होता. रडणाऱ्या माणसाच्या हातातही टोकदार लाकूड तेवढेच टोकदार असते, म्हणून माझी भीती कमी झाली नाही. मग त्याने मला भिंतीवर भिरकावले आणि निघून गेला.

डीनने दवाखान्यात सांगितले की शिडीवरून पडलो.

कोर्टात मी नव्हते. पण अर्नीने फ्रीजरवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते सगळे सांगितले, त्यामुळे मला पाठ आहे. जज्ज लुंडीनबाईंनी डीनचा गळ्यात अडकवलेला हात पाहिला आणि विचारले, "काय झालं?"

डीनने शपथ घेतली होती. तो म्हणाला, "शि..." आणि अडकला. बाप मागच्या बाकावर होता. यावेळी बापाने बुटांकडे पाहिले नाही. तो सरळ पोराकडे बघून मान हलवत होता, खोटे बोलू नको, असे.

"मी मारलं त्याला," मागून ट्रॉय उभा राहिला. "मागच्या आठवड्यात. त्याच काठीने."

"झगार, थांबा," जज्ज म्हणाल्या. "इथे बोललेलं तुमच्यावर उलटू शकतं. आधी वकील गाठा."

"वकील नको. इतकी वर्षं मला कुणी काही विचारलं नाही. आता बोलावलंत तर ऐका." आणि त्याने स्केटचे सगळे सांगितले. मागून वार केला तेही सांगितले.

जज्जनी डीनला विचारले, "हे खरं आहे?"

"खरं आहे," डीन म्हणाला. आता गप्प बसला असता तरी त्याचे काम झाले असते. वकिलाने त्याची बाही ओढलीसुद्धा. पण तो पुढे बोलला. "पहिला फटका मी जीव वाचवायला मारला. पुढचे दोन नाही. तो गुडघ्यावर बसला होता. ते मी मारायचे म्हणून मारले."

 मग जज्जनी ट्रॉयला विचारले, "यांच्या अर्जाला तुमची हरकत आहे?"

"आहे," ट्रॉय म्हणाला. "डोळा गेलाय माझा, हरकत असणारच. पण पोरीच्या बेंचवर उभा राहू द्या त्याला."

काही आठवड्यांनी निकाल आला. डीनची नोंद मोहोरबंद झाली. आणि त्याच आठवड्यात ट्रॉयवर गुन्हा दाखल झाला, गॅरेजमध्ये डीनला मारल्याचा. डीन सरकारी वकिलाकडे गेला, मला तक्रार करायची नाही म्हणून विनवले. वकील म्हणाला, तुझ्या तक्रारीचा प्रश्नच नाही, त्याने जज्जच्या तोंडावर कबूल केले आहे.

शेरीफचा माणूस मला न्यायला आला तेव्हा ट्रॉय गॅरेजमध्येच होता. फ्रीजरचे झाकण बदलायला आला होता, स्वतःची हत्यारे घेऊन. त्या माणसाने माझे दोन्ही तुकडे पिशवीत घालून त्यावर चिठ्ठी लावली, ट्रॉय झगारच्या नावाची. ट्रॉयने ती वाचली आणि पाना खाली ठेवला.

डीन म्हणाला, "हे बघ. शिक्षा संपली, वेळ भरली, की अर्ज कर. मला कळवतील. मी येईन."

"आणि काय सांगशील?"

"हरकत आहे म्हणून सांगेन. खांदा दुखतोय रे माझा." त्याने पाना उचलून ट्रॉयच्या हातात दिला. "आणि मग म्हणेन, सोडा त्याला."

ट्रॉय हसला की काय ते मला दिसले नाही, पिशवीचे तोंड बंद झाले होते.

तर मित्रांनो, मी पुन्हा त्याच कोठीत आहे. डीन शनिवारी एल्सीच्या मागे बेंचवर उभा राहतो, हे कोठीवाला बोलताना ऐकले. ट्रॉयचे काय होते ते कोठीवाल्यालाही ठाऊक नाही. माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी हात जोडून सांगतात की आम्हाला विसरू नका, सांभाळा, अडगळीत टाकू नका. मी हात जोडून उलटे सांगते. अर्नीसारखा कुणी म्हातारा इथे येईल आणि म्हणेल की अ‍ॅशचे लाकूड आहे, फुकट घालवू नका. त्याचे ऐकू नका. ट्रॉयचा खटला मिटला की मला भट्टीत घाला. दोन्ही तुकडे घाला.